उमेदवारीला वयाची अट कशाला?

उमेदवारी हा शब्द आज कानी पडला की कोणालाही निवडणूक आठवते. परंतु मतपेटी आपल्याकडे येण्यापूर्वीपासून हा शब्द मराठीत आहे. 'उमेद' म्हणजे आशा. नोकरीच्या आशेने जो कचेरीत जुन्या कारकुनाच्या हाताखाली बिनपगारी कागद उतरवीत बसे, तो उमेदवार. छापखान्यात, कारखान्यात, शिंप्याच्या दुकानातही जाणत्या माणसाजवळ राहून, त्याच्या हाताकडे पाहून, चुकतमाकत काम शिकणे याला आपण उमेदवारी करणे असेच म्हणत आलो.

या शब्दाबरोबर एक समजही आपल्या मनात घट्ट बसला आहे. उमेदवारी करायची ती मिसरूड फुटण्याच्या वयात. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने आता काय शिकायचे? हा समज भिवंडीसारख्या गावाला फार महाग पडत आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

हाताचे कसब शिकण्याची रीत आधी पाहू. 'ताण्याचा धागा तुटला तर गाठ मार' हे सांगायला क्षण पुरतो. पण गाठ इतकी लहान हवी की ती वहीतून आणि फणीतून अडखळल्यावाचून निघून जावी, आणि ती मारताना शेजारच्या धाग्याला धक्का लागू नये. हे कळायला दहा वेळा चुकावे लागते, आणि चुकले की तिथल्या तिथे 'असे नव्हे, असे' म्हणणारा माणूस शेजारी असावा लागतो. पुस्तक वाचून ज्ञान मिळते, व्याख्यान ऐकून दृष्टी मिळते. हात मात्र हाताजवळच शिकतो. या रीतीत वयाचा प्रश्न कोठेच येत नाही.

आपल्या गावाचा इतिहासही हेच सांगतो. 1857 च्या धामधुमीनंतर उत्तरेकडचे विणकर दक्षिणेकडे आले, त्यांतले काही भिवंडीत स्थिरावले. ते हातमागावर विणीत. पुढे वीज आली, यंत्रमाग आले. हातमाग सोडून यंत्रमागापुढे उभे राहिलेले ते सगळेच काही पोरसवदा नव्हते. बायकामुले असलेली बाप्ये माणसेही नव्याने शिकली. मग 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि गिरण्यांतले विणकाम मोठ्या प्रमाणावर भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले. गिरण्यांनी मोडीत काढलेले मागही इकडे आले. ते चालवायला जी माणसे लागली, ती शेती सोडून आलेली होती, दुसरे धंदे सोडून आलेली होती. म्हणजे हे गाव प्रौढ उमेदवारांनीच उभे केले आहे. आपण फक्त त्यांना तसे म्हटले नाही.

ती उमेदवारी होई कशी? गावचा किंवा नात्यातला माणूस नवख्याला कारखान्यात घेऊन येई. नवखा कांडी भरी, झाडलोट करी, उस्तादाच्या मागे उभा राही, आणि काही महिन्यांनी त्याच्या हाती माग येई. या पद्धतीत माया होती, पण न्याय नव्हता. शिकतानाची मजुरी नाही, किती दिवस शिकायचे याला धरबंध नाही, आणि शिकल्याचा कागद नाही. मुंबईच्या गिरण्यांत तर भरती जॉबरच्या मर्जीवर चाले. त्याची दस्तुरी मोजल्यावाचून पुष्कळांना काम मिळत नसे. व्हिटली कमिशनने 1931 च्या अहवालात या प्रथेवर स्पष्ट बोट ठेवले होते.

आता तिसरे स्थित्यंतर आपल्यासमोर आहे. साध्या मागाच्या जागी रेपियर, एअरजेट, वॉटरजेट असे धोट्याविना माग येत आहेत. साध्या मागावर धोटा इकडून तिकडे धावतो आणि त्याच्या पोटातली कांडी बाण्याचा धागा सोडीत जाते. रेपियरमध्ये धोटा नाही, कांडी नाही. बाहेर ठेवलेल्या कोनावरचा धागा एक पकड मधोमध आणून देते आणि पलीकडून आलेली दुसरी पकड तो ओढून नेते. बहुतेक साध्या मागांवर ताण्याचा धागा तुटला तरी माग चालतच राहतो. विणकराची नजर हीच राखण. नव्या मागावर प्रत्येक धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी असते. धागा तुटला की पट्टी पडते, माग थांबतो, दिवा लागतो.

आता विचार करा. वीस वर्षे साधा माग चालविलेल्या माणसाजवळ काय आहे? ताणा ढिला की घट्ट, हे तो हात फिरवून सांगतो. सूत वारंवार का तुटते आहे, खळ कमी आहे की हवा कोरडी, हे तो ओळखतो. कापडातला दोष त्याला चार हातांवरून दिसतो. हे ज्ञान नव्या मागालाही लागतेच. त्याला येत नाही ते एवढेच : यंत्राची पाटी वाचणे, पकडींची वेळ जुळविणे, एका वेळी अधिक मागांवर लक्ष ठेवणे. म्हणजे नवख्यापेक्षा त्याची वाट थोडकी आहे. तरीही साधा माग भंगारात गेला की बहुधा त्याच्याबरोबर माणूसही बाहेर जातो.

तो का शिकत नाही? आळस हे त्याचे कारण नव्हे. त्याची मजुरी मीटरवर असते. शिकण्यात गेलेला दिवस म्हणजे घरी चूल न पेटलेला दिवस. शिकविणाऱ्याचीही तीच गत. दुसऱ्याला दाखवीत बसला की त्याचे स्वतःचे कापड कमी उतरते. आणि तिसरी गोष्ट संकोच. मुलाच्या वयाचा फिटर आपल्याला शिकविणार, हे पचविणे सोपे नाही. बैठकांतून मी पाहिले आहे, पोटाची काळजी मिटली की हा संकोच आठ दिवसांत विरतो.

केवळ पैसा देऊन मात्र भागत नाही. बंद पडलेल्या गिरण्यांच्या कामगारांसाठी केंद्र सरकारने 1986 साली पुनर्वसन निधीची योजना काढली. पात्र कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50 आणि तिसऱ्या वर्षी 25 टक्के मदत होती. मदत खरी होती. पण तिसरे वर्ष संपले तेव्हा हातातले कसब तेच जुने होते.

कायद्याची बाजू पाहू. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 सालचा आहे. त्यात किमान वय 14 सांगितले आहे, धोक्याच्या उद्योगांत 18. कमाल वय सांगितलेलेच नाही! वयाची अट आपल्या मनात आणि जाहिरातींत आहे, कायद्यात नाही. 2019 च्या नियमांनुसार 30 किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला उमेदवार घेणे बंधनकारक झाले. चारपासून पुढच्या लहान आस्थापनांना ते ऐच्छिक आहे. भिवंडीचे बहुतेक कारखाने लहान, म्हणून सक्तीबाहेर. परंतु याच कायद्यात अनेक मालकांनी एकत्र येऊन उमेदवार शिकविण्याची मुभा आहे. ही मुभा जणू आपल्यासाठीच लिहिली आहे.

सावध राहण्याची जागाही येथेच आहे. कायद्याच्या दृष्टीने उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. म्हणून स्वस्त मजूर मिळविण्यासाठी उमेदवारीची पाटी लावणारे निघतात. खरी उमेदवारी ओळखण्याच्या तीन कसोट्या मी कामगारांना सांगतो. शिकतानाच्या दिवसांचे पोटापुरते वेतन ठरले आहे काय? शिकविणारा माणूस आणि त्याचा वेळ नेमून दिला आहे काय? शेवटी परीक्षा व दाखला आहे काय? तिन्हींपैकी एक जरी नसेल, तर ती वेठ समजावी.

ही मागणी काही जगावेगळी नाही. जर्मनीत उमेदवारीचे अभ्यासक्रम ठरविताना मालकांबरोबर कामगार संघटनाही बसतात. इंग्लंडमध्ये उमेदवारी करणाऱ्यांत पंचविशीपुढच्या माणसांचा वाटा मोठा आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने 2023 साली केलेल्या शिफारशीत धंदा बदलू किंवा कसब वाढवू पाहणाऱ्या अनुभवी प्रौढांनाही उमेदवारी खुली असावी असे म्हटले आहे.

तेव्हा भिवंडीत करता येण्याजोगे काम असे. नवे माग घेतलेल्या पाच-दहा मालकांनी एकत्र यावे. जुन्या विणकरांना तीन महिने आपल्या मागांवर आळीपाळीने उभे करावे. त्या काळात त्यांना त्यांच्या नेहमीच्या कमाईइतके ठरीव वेतन द्यावे, आणि शिकविणाऱ्या फिटरलाही त्याच्या वेळेचा मोबदला द्यावा. कोणाला आधी घ्यायचे याची यादी संघटनेने उघडपणे करावी, म्हणजे जॉबरची दस्तुरी मागच्या दाराने परत येणार नाही. आज या सभागृहात मालकही आहेत, कामगारही आहेत. पहिली पाच नावे मालकांनी दिली, तर पहिल्या पंचवीस विणकरांची यादी पुढच्या महिन्यात तयार करणे आमच्याकडे लागले.