शपथ दिली, आता दवाखान्यातही न्या

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याचीही प्रतिज्ञा आहे. म्हणून वस्तीतल्या पिणाऱ्याला विहारात नेऊन त्याच्याकडून पंचशील वदवून घेतले जाते. हेतू चांगलाच. पण वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, झटके येऊ शकतात, नसलेली माणसे दिसू लागतात. घरचे म्हणतात, सोंग करतोय. कोणी मांत्रिकाकडे धावतो (बौद्धांच्या घरात हे व्हावे!). वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर यात जीवही जातो. अशाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोविकारांना मानसिक आजारच मानले आहे. म्हणजे सरकारी दवाखान्यात उपचार मागणे हा हक्क आहे, उपकार नव्हे. रुग्णाला साखळीने बांधण्यासही याच कायद्याने मनाई आहे.

घरच्या बाईने त्याची गुत्त्यावरची उधारी फेडू नये, कामावर खोटा निरोप धाडू नये. तो पुन्हा प्याला तर उपचार फुकट गेले असेही समजू नये; परत न्यावे. मारहाण होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली तिने अर्ज करावा. नवरा आजारी आहे म्हणून तिचा हा हक्क जात नाही.