नकाशा बदला, डाव बदलेल



मुलांच्या खेळ-दुपारी जो घोळ झाला त्याचा हिशेब देणे आम्हांला भाग आहे, कारण घोळ सर्वस्वी आमचाच होता. भाड्याच्या हॉलमध्ये एका बाजूला मोठ्यांचा कॅरम आणि दुसऱ्या बाजूला मुलांसाठी संगणकावर 'एज ऑफ एम्पायर्स २' अशी स्पर्धा आम्ही ठेवली. सोय म्हणून सर्व सामन्यांना नकाशा एकच दिला : 'अरेबिया'. पहिल्या फेरीत एका मुलाने मंगोल घेतले, घाईघाईने घोडेस्वार धाडले आणि वीस मिनिटांत डाव संपवला. दुसऱ्या फेरीत जवळजवळ सगळ्यांनी मंगोलच घेतले. तिसऱ्या फेरीच्या वेळी निम्मी मुले पोहे खायला गेली ती परत आलीच नाहीत. अकरा वर्षांची एक मुलगी मात्र आम्हांला सांगायला आली, "काका, कोण जिंकणार ते पहिल्या पाच मिनिटांतच कळतं. मग पुढचं खेळायचं कशाला?"

आम्ही रसायनशास्त्रातले डॉक्टर, तापावर गोळी देणारे नव्हे; पण हा प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. मंडळात मुले आधीच कष्टाने येतात. एकदा कंटाळून गेलेले मूल पुढच्या वेळी 'होमवर्क आहे' म्हणते, हे सर्व आईवडिलांना ठाऊक आहे. म्हणून हा थोडा अभ्यास.

कॅरमचा पट चारही बाजूंनी सारखा, सोंगट्या सारख्या, म्हणून तिथे तक्रार फारतर पावडरीची. बुद्धिबळात मोहरी सारखी, पण पांढरा आधी खेळतो आणि तेवढ्यानेच त्याचे पारडे किंचित जड होते. त्यावरचा जुना उपाय म्हणजे बाजू बदलून खेळणे. २०२५ साली बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत आपल्या नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी याच पद्धतीने खेळल्या. दोन मोठे डाव बरोबरीत सुटले आणि जलद डावांत दिव्याने बाजी मारली. पांढरी मोहरी मिळाली म्हणून जिंकली असे कुणी म्हणू शकणार नाही.

संगणकावरच्या युद्धखेळांत मात्र दोन्ही पक्षांची मोहरीच वेगळी. १९९८ साली निघालेल्या 'स्टारक्राफ्ट'मध्ये तीन वंश आहेत, टेरन, प्रोटॉस आणि झर्ग. तिघांची माणसे, इमारती, चाली सगळे निराळे. दक्षिण कोरियात हा खेळ इतका रुजला की त्याचे सामने टीव्हीवर दाखवू लागले. गंमत अशी की मूळ खेळातल्या सैन्यांच्या ताकदीत कंपनीने २००१ नंतर फेरफार केलाच नाही. मग इतकी वर्षे तिन्ही वंशांत समतोल कसा राहिला? नकाशांमुळे! एखादा वंश फार जिंकू लागला की नकाशे आखणारे पुढच्या हंगामासाठी नवे नकाशे करीत. दोन तळांमधले अंतर वाढवले की लवकर हल्ला करणाऱ्याची धार कमी होते. तळाकडे जाणारी वाट अरुंद केली की बचाव करणाऱ्याला बळ येते. दुसरी खाण जवळ ठेवली की धीराने संपत्ती वाढवणाऱ्याचे फावते. मोहरी तीच, पण पट बदलला की डाव बदलतो.

आपल्याला हे नवे का वाटावे? १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाची मोठी फौज शिवाजी महाराजांनी अडवली ती दाट झाडीच्या अरुंद वाटेत, जिथे संख्येचा उपयोगच उरला नाही. पुढे सुमारे शंभर वर्षांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, मराठे पानिपतच्या सपाट मैदानावर लढले. पराभवाची कारणे पुष्कळ होती आणि तुटलेली रसद हे त्यांतले मोठे. पण सह्याद्रीचा नकाशा तिथे सोबत नव्हता हेही खरेच. युद्धात सेनापती आपल्या सोयीचा नकाशा शोधतो. खेळात मात्र नकाशा कुणा एकाच्याच सोयीचा असून चालत नाही.

आमच्या प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचे तर काही रासायनिक क्रियांत दोन पदार्थ तयार होऊ शकतात, एक झटपट बनणारा आणि दुसरा सावकाश बनणारा पण अधिक टिकाऊ. थंडीत पहिला जास्त मिळतो. उष्णता आणि वेळ दिला की दुसरा. अरेबियाच्या उघड्या मैदानावर झटपट हल्ल्याचे पीक येते, त्यात मंगोलांचे शिकारी इतरांपेक्षा ४० टक्के वेगाने काम करतात, म्हणजे सुरुवातीचे अन्नही त्यांनाच लवकर. 'ब्लॅक फॉरेस्ट'च्या घनदाट जंगलात दोन भिंती घातल्या की तेच घोडेस्वार बाहेर ताटकळतात. आम्ही मुलांना एकच तापमान दिले आणि सगळ्यांकडून एकच पदार्थ निघाला म्हणून आश्चर्य करीत बसलो!

या विषयावरचे मोठे काम आपल्याच कॅमडेन बरोमध्ये झाले आहे. किंग्ज क्रॉसच्या 'डीपमाइंड' कंपनीने 'अल्फास्टार' नावाचा स्टारक्राफ्ट २ खेळणारा प्रोग्रॅम केला. डिसेंबर २०१८ मध्ये त्याने टीएलओ आणि माना या टोपणनावांच्या दोन व्यावसायिक खेळाडूंना प्रत्येकी ५-० असे हरवले. पण तेव्हा नकाशा एकच होता आणि वंशही एकच, प्रोटॉस. जानेवारी २०१९ मध्ये थेट प्रक्षेपणात मानाने त्याला हरवले. एक छोटी तुकडी विमानातून मागच्या दाराने उतरवायची, यंत्राचे सगळे सैन्य धावत परतले की तुकडी उचलायची, आणि पुन्हा तेच. यंत्राला त्यावर उत्तर सापडेना.

यंत्राच्या शिकवणीची पद्धतही आम्हांला फार आवडली. स्वतःशीच खेळत राहिले तर यंत्र गोल गोल फिरते. एक युक्ती दुसरीला हरवते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी पुन्हा पहिलीला. म्हणून त्यांनी एक 'लीग' उभारली आणि तीत काही खेळाडू असे ठेवले की त्यांचे काम फक्त मुख्य खेळाडूच्या उणिवा शोधण्याचे. शिवाय सुरुवातीला माणसांचे डाव अभ्यासायला दिले, म्हणजे चालींतली विविधता हरवू नये. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा तो प्रोग्रॅम तिन्ही वंश घेऊन, अनेक नकाशांवर, क्रमवारीतल्या ९९.८ टक्के खेळाडूंच्या वर पोचला होता.

पुढे २०२० मध्ये याच मंडळींनी माजी विश्वविजेते व्लादिमीर क्रामनिक यांच्यासह बुद्धिबळाचे नऊ बदललेले नियम तपासले. किल्लेकोट बंद केला तर काय होईल, अशा तऱ्हेचे. आणि कंपनीचे संस्थापक डेमिस हसाबिस, जे लहानपणी बुद्धिबळपटू आणि तरुणपणी संगणकखेळ बनवणारे, त्यांना २०२४ साली नोबेल मिळाले ते आमच्या रसायनशास्त्राचे, प्रथिनांच्या रचनेवरील कामासाठी, जॉन जंपर आणि डेव्हिड बेकर यांच्यासोबत. 'गेम खेळून काय पोट भरणार आहे?' असे विचारणाऱ्या पालकांसाठी ही माहिती सादर. (प्रत्येक गेम खेळणारा नोबेल मिळवतो असे आमचे म्हणणे नाही. मुलांनी कृपया नोंद घ्यावी!)

आता पुढच्या वेळचे नियम. नकाशे तीन : एक उघडा, एक जंगलाचा, एक पाण्याचा. सामन्यापूर्वी प्रत्येक खेळाडू एक नकाशा बाद करील. उरेल त्यावर खेळ. दोघांनी एकच बाद केला तर उरलेल्या दोनांत नाणेफेक. एकदा जिंकलेली जमात त्या दिवशी पुन्हा घ्यायची नाही. आणि पहिल्या फेरीत हरलेल्यांची वेगळी लीग, म्हणजे कुणी पोहे खाऊन घरी जाणार नाही. जिने प्रश्न विचारला तिलाच नकाशे निवडण्याच्या कामात घेतले आहे. आधी 'बघू' म्हणाली, मग दोन पाने भरून यादी घेऊन आली.

जाता जाता आम्हां मोठ्यांसाठी एक. आपण इकडे आलो ते एकच ठरलेला डाव घेऊन : मार्क, डिग्री, नोकरी. त्या नकाशावर तो जिंकला, त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण मुलांचा नकाशा तोच आहे असे धरून सगळ्यांना मंगोल घ्यायला लावू नये, एवढेच आम्हांला त्या दुपारी कळले. नियमांत काही उणे राहिले असल्यास अवश्य सांगावे. उणिवा शोधणारे खेळाडू लीगला हवेच असतात.

चूक-भूल द्यावी घ्यावी.

— आपले, खेळ-दुपारचे स्वयंसेवक