बेत आणि माया

मकरसंक्रांत जवळ येऊ लागली की सोलापुरास श्रीसिद्धेश्वरांच्या यात्रेचे वेध लागतात. पेटीतील पांढऱ्या बाराबंद्यांना ऊन दाखविले जाते. ज्यांना त्या अपुऱ्या होऊ लागल्या, ते नवे कापड घेऊन शिंप्याचे दुकान गाठतात. त्याच सुमारास घरोघरी बोरन्हाणाच्या काळ्या झबल्याची आणि हळदीकुंकवासाठी खणाच्या चोळीची चर्चा चाललेली असते. सणाच्या या शिवणकामात पूर्वी घरच्या गृहिणीचा मोठा हात असे. आज बाराबंदीपासून झबल्यापर्यंत सारे तयार मिळते आणि कित्येक घरांतील शिवणयंत्रावर कायमचे झाकण पडून त्याचे टेबल झाले आहे. ही सोय नाकारण्याचे कारण नाही. परंतु या सोयीबरोबर आपल्या हातचे काय जाते, याचा विचार सणाच्या निमित्ताने करावयास हवा.

मराठी शिवणकामात दोन शब्द मोठे अर्थपूर्ण आहेत. मापाप्रमाणे कापडाची आखणी करून ते कापणे म्हणजे बेतणे. आणि कापताना शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड राखून ठेवावयाचे, ती माया. बेत म्हणजे योजना आणि माया म्हणजे जिव्हाळा, हे अर्थ तर आपल्या रोजच्या बोलण्यातले. घरी शिवलेल्या वस्त्रात हे दोन्ही असतात, म्हणूनच त्याचे मोल वेगळे.

बारा बंदांचे वस्त्र

श्रीसिद्धेश्वर हे बाराव्या शतकातील शिवयोगी. त्यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह झाला, अशी कथा आहे आणि यात्रेत दरवर्षी हाच विवाह साजरा होतो. ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, होमविधी होतो. सात नंदीध्वजांबरोबर चालणारा भाविक हा एका अर्थाने वऱ्हाडीच होय, आणि बाराबंदी हा त्याचा लग्नाचा पोशाख.

या पोशाखाला बटणे नाहीत. पुढचे भाग एकमेकांवर घेऊन बंदांनी बांधावयाचे. बंद सैल केले की सुटलेल्या अंगासही तेच वस्त्र चालते. आपल्याकडील जुन्या अंगरख्यांची ठेवणच अशी होती. कापडाचा पन्हा अरुंद असे आणि विणणाऱ्याच्या श्रमांची जाणीव असे. म्हणून उभ्या-आडव्या धाग्यांवर सरळ तुकडे कापीत, घेरासाठी कळ्या घालीत, बगलेत हात मोकळा फिरावा म्हणून लहानसा चौकोनी तुकडा जोडीत. चिंधी अगदी थोडी उरे. असे वस्त्र बेतावयास कागदाची गरज नव्हती. माप हातात आणि रीत डोक्यात असे.

कागदावरचा बेत

अंगाबरोबर बसणारा, मुंढ्याला गोलाई असलेला कपडा आला आणि कागदाची गरज भासू लागली. अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विक्रीस काढले. त्यापूर्वीचे नमुने बहुधा एकाच मापाचे असत आणि ते लहानमोठे करण्याची कसरत गृहिणीलाच करावी लागे. एलियस हौ यांना शिवणयंत्राचे पेटंट १८४६ साली मिळाले होते आणि सिंगर यांना १८५१ साली. यंत्र आणि कागद एकत्र आले तेव्हा सामान्य घरातील स्त्रीला बेताचा कपडा स्वतः शिवता येऊ लागला. पुढे जर्मनीतील ‘बुर्डा’ मासिकाने १९५२ पासून अंकाबरोबरच नमुन्यांचे कागद देण्यास प्रारंभ केला. यंत्रांविषयी साशंक असणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानले होते, ते काही उगाच नव्हे.

महाराष्ट्रात मात्र विकतच्या कागदी नमुन्याने फारसे मूळ धरले नाही. येथे नमुना स्वतः आखण्याची विद्या रुजली. दादरच्या झारापकर टेलरिंग कॉलेजचे नाव आणि ‘झारापकर सिस्टिम ऑफ कटिंग’ हे पुस्तक शिवणवर्गांतून सर्वतोमुखी झाले. छातीचे एक माप घ्यावे, त्याच्या चौथ्या, बाराव्या अशा हिश्शांवरून मुंढा आणि गळा काढावा, प्रथम खाकी कागदावर आकृती कापावी आणि मगच कात्री कापडास लावावी, ही ती पद्धत. ज्यांनी वर्ग केला नाही, त्यांचा नमुना म्हणजे मापाचा जुना ब्लाउज. तो सोयीचा खरा. पण वापराने ताणलेल्या कापडावरून घेतलेले माप नव्या कापडात थोडे चुकतेच.

गिरणगावचा धडा

सोलापूर हे मुळात कापड विणणारे शहर. जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग आणि यंत्रमाग जागते ठेवले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन लाभले. मोठ्या गिरण्या पुढे एकामागून एक बंद पडल्या, आणि शहराचे नाव तयार कपड्यांसाठी, विशेषतः गणवेशांसाठी, घेतले जाऊ लागले. कारखान्यात कापडाचे थर एकावर एक अंथरतात, वर नमुन्यांची आखणी ठेवतात आणि यंत्राने सारे थर एकदम कापतात. बटरिकच्या कागदाचेच हे विराट रूप.

या पद्धतीत बेत आहे. पण तो सरासरी अंगाचा. माया मात्र अगदी मोजकी, कारण हजारो कपड्यांत पाव इंच वाचला तरी कापडाचे तागे वाचतात. कारखान्याचा तो हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु खांदा उतरता असलेल्याने, पाठीला बाक आलेल्या आजीने, झपाट्याने वाढणाऱ्या मुलाने काय करावे? आतली माया अपुरी असेल तर कपडा उसवून वाढविता येत नाही. तो टाकावाच लागतो. घरच्या शिवणीत कुशीला इंचभर माया आणि खाली दुमड राखली की तेच झबले पुढच्या संक्रांतीलाही अंगात येते.

आरंभ कसा करावा

ज्या भगिनींना आणि बंधूंनाही ही कला पुन्हा हाती घ्यावीशी वाटते, त्यांनी झबल्यापासून किंवा साध्या सदऱ्यापासून प्रारंभ करावा. सुती कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावे, म्हणजे ते शिवल्यावर आटणार नाही. नमुन्यावर बाणाने दाखविलेली रेघ कापडाच्या काठाशी समांतर ठेवावी; धागा तिरका गेला तर कपडा अंगावर पिळतो. उरेब कापड फक्त जेथे लवचिकपणा हवा तेथेच घ्यावे. परदेशी कंपन्यांचे नमुने आता घरच्या छपाईयंत्रावर छापून, कागद डकवूनही वापरता येतात. त्यांत तयार कपड्याचा नंबर पाहू नये, फितीने माप घेऊन नमुन्यावरील मापांचा तक्ता पाहावा. शिवणीची माया नमुन्यात धरली आहे की वेगळी सोडावयाची आहे, हेही वाचून घ्यावे. आणि खणासारखे मोलाचे कापड कापण्यापूर्वी स्वस्त मांजरपाटावर एकदा शिवून पाहावे. तो मांजरपाट वाया जात नाही. तोच दुरुस्त केला की पुढील कित्येक वर्षांचा नमुना होतो.

वेळ लागतो, हे खरे. शिवलेला पहिला कपडा बाजारातल्याइतका नेटका होत नाही, हेही खरे. परंतु जो एकदा कापड बेतून पाहतो, त्याला विकत घेतलेल्या कपड्याची शिवण उलटून पाहण्याची दृष्टी येते. चादर विणणारे हात आणि गणवेश शिवणारे हात किती कसबी आहेत, याचीही जाणीव होते. ही दृष्टी घरातून नाहीशी झाली तर सोलापुरासारख्या शहराने मिळविलेले बरेच काही नाहीसे होईल.

यात्रेची सांगता कप्पडकळीने होते. नंदीध्वजांवरील वस्त्रे त्या दिवशी विधिपूर्वक उतरविली जातात. त्यानंतर घरोघरी बाराबंद्याही धुऊन, घडी घालून ठेवल्या जातील. त्या ठेवण्यापूर्वी एकदा उलटून पाहाव्यात. शिवणीत माया शिल्लक असेल तर मुलाच्या पुढच्या वर्षाची सोय तेथेच आहे. नसेल, तर नव्या कापडाचा बेत करावयास अकरा महिने हाताशी आहेत.