रिकामं काडतूस घरी भरायचं? यंत्र मागवण्याआधी कायदा वाचा

अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये काडतुसं भरणं हा अनेकांचा छंद आहे. त्याचे व्हिडीओ आपल्याही मोबाइलवर दिसतात. पण अहिल्यानगर जिल्ह्यात परवान्याची बंदूक बाळगणाऱ्यांनी ते पाहून यंत्र मागवणं महागात पडू शकतं.

काडतुसात काय असतं?
बारा बोअरच्या काडतुसाचे मुख्य भाग पाच: खोळ, बुडाशी ठिणगी देणारी टोपी, दारू, डाट आणि छर्रे. बार उडाल्यावर खोळ उरते. ती पुन्हा भरणं म्हणजे ‘रीलोडिंग’. त्यासाठी परदेशात हाताने चालणारा प्रेस, साचे आणि दारू तोलायचा बारीक काटा मिळतो.

नुसतं यंत्र घेतलं तर?
इथेच मेख आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मधील व्याख्येनुसार काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही ‘दारूगोळा’तच मोडते. म्हणजे एक काडतूसही न भरता प्रश्न उभा राहतो.

बंदुकीचा परवाना पुरेसा नाही का?
नाही. तो बाळगण्याचा परवाना आहे. दारूगोळा बनवण्यासाठी कलम ५ नुसार वेगळा परवाना लागतो. तो नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि दंडाची तरतूद आहे.

धोका कुठे?
दारूचा प्रकार किंवा वजन चुकलं, तर नळीतला दाब वाढून ती फुटू शकते. बंदूक धरणाऱ्याचा हात आणि डोळे तिच्याजवळच असतात.

रेंजवरच्या भंगाराचं काय?
खारे कर्जुने परिसरातील के. के. रेंजवर लष्कराचा गोळीबार सराव चालतो. तिथे सापडलेला गोळा न फुटलेलाही असू शकतो. भंगारासाठी असे गोळे हाताळताना याआधी गावकऱ्यांचे जीव गेले आहेत. गोळा दिसला तर हात लावू नका, लांब जा आणि ११२ वर कळवा.

मग काडतुसं कुठून घ्यायची?
परवानाधारक विक्रेत्याकडून, परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकीच. विक्रीची नोंद करून घ्या. संख्या वाढवून हवी असेल किंवा शंका असेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत विचारा.