हात न दाखवता थांबणारी गाडी

अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून एकाच गाडीतून जाणं आपल्या महाराष्ट्राला नवं नाही. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे त्याला 'वडाप' म्हणतात. मराठवाड्यात, विदर्भात काळीपिवळी जीप असते, शहरात स्टेशनबाहेर शेअर रिक्षा असते. सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही आणि भरल्यावरही आणखी दोघांना जागा होते. तिथं शिकण्यासारखं काही नसतं. गाडी दिसते, चालक दिसतो, भाडं सगळ्यांना तोंडपाठ असतं.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र मोबाइलवरून गाडी बोलावण्याची रीत आली. ओला ही कंपनी २०१० च्या डिसेंबरात सुरू झाली. अमेरिकेतली उबर २०१३ मध्ये बंगळुरूमार्गे भारतात आली. २०१५ मध्ये रॅपिडोनं दुचाकीवरून माणसं न्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी ब्लाब्लाकार ही मूळची फ्रान्समधली सेवाही इथं आली. तिचा प्रकार वेगळा आहे. कुणी स्वतःच्या गाडीनं परगावी निघालेला असतो, तो रिकाम्या जागा जाहीर करतो आणि प्रवासाचा खर्च वाटून घेतो. वडापच्या जवळचं म्हणावं तर हेच. ओला-उबरमध्ये आपण बोलावतो ती पूर्ण गाडी असते. या कंपन्यांच्या स्वतःच्या गाड्या फारशा नसतात. गाडी चालकाची किंवा मालकाची, आणि त्याची-आपली गाठ घालून देणं हा कंपनीचा धंदा. कायद्यात यांना 'ॲग्रिगेटर' म्हणतात. मोटार वाहन कायद्यात हा शब्द २०१९ च्या दुरुस्तीनं आला.

हे सगळं सांगायचं कारण असं, की पन्नाशी-साठी ओलांडलेली पुष्कळ माणसं या सोयीपासून अजून चार हात लांब आहेत. फोन हातात असतो, पण गाडी बोलवायची ती मुलानं किंवा नातवानं. दुपारी चारला डॉक्टरांकडे जायचंय आणि नातू क्लासला गेलाय, म्हणून आजी त्याची वाट पाहत बसतात. पाय चालतात, डोळ्यांना दिसतं, पिशवीत पैसे आहेत, तरी बाहेर पडणं दुसऱ्याच्या सवडीवर. कधी पुण्यातल्या आईसाठी मुलगी बंगळुरूहून गाडी मागवते. ती सोय चांगलीच आहे. पण ज्या दिवशी मुलीचा फोन लागत नाही, त्या दिवशी काय? म्हणून हे आपलं आपल्याला यायला हवं, आणि ते अवघड नाही. रिक्षावाल्याशी जे बोलणं आपण खिडकीशी उभं राहून करत होतो, तेच आता गाडी येण्याआधी पडद्यावर होतं. कुठून, कुठे, किती पैसे, आणि माणूस कोण. प्रश्न तेच आहेत. उत्तरं कुठे वाचायची, एवढंच शिकायचं.

पहिला प्रश्न, कुठून. आपण पत्ता सांगतो तो खुणेनं. मारुतीच्या देवळासमोर, पिंपळाच्या पाराजवळ, जुन्या टॉकीजच्या मागे. फोनला ही भाषा नीट कळत नाही. त्याला कळतो नकाशावरचा एक ठिपका. फोन उपग्रहांच्या मदतीनं आपली जागा ओळखतो. पण उंच इमारतींच्या मध्ये किंवा उड्डाणपुलाखाली ही ओळख काही मीटरनं सरकते. आणि काही मीटर म्हणजे कधीकधी रस्त्याची पलीकडची बाजू. मधे दुभाजक असेल तर गाडीला लांबवरून वळून यावं लागतं. म्हणून गाडी मागवण्याआधी नकाशा दोन बोटांनी मोठा करावा आणि ठिपका ओढून आपण जिथं खरंच उभे आहोत तिथं आणावा. संकुलाला दोन फाटकं असतील तर कुठलं फाटक, हेही पाहावं. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे. निम्मे घोटाळे तिथंच मिटतात.

दुसरा प्रश्न, कुठे. इथं आपल्या गावांची नावं आपल्यालाच फसवतात. शिवाजीनगर पुण्यात आहे, तसं मुंबईत गोवंडीलाही आहे. महात्मा गांधी रस्ता आणि शिवाजी चौक तर गावोगाव. दादरला पूर्व आणि पश्चिम यांच्या मधे रेल्वेचे रूळ आहेत. चुकीच्या बाजूला उतरलात तर सामान घेऊन पूल चढावा लागेल. नाव टाइप केलं की खाली पाच-सहा पर्याय येतात. पहिल्यावरच बोट ठेवू नये. खालच्या बारीक अक्षरांत भाग आणि शहर लिहिलेलं असतं, ते वाचावं. घर, दवाखाना, बँक, मुलीचं घर असे नेहमीचे पत्ते एकदा नीट शोधून साठवून ठेवता येतात. हे काम मात्र नातवाकडून खुशाल करून घ्यावं.

तिसरा प्रश्न पैशांचा. रिक्षा-टॅक्सीच्या मीटरचे दर सरकार ठरवतं. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आणि टॅक्सीचं ३१ रुपये झालं. पाऊस असो की ऊन, तो आकडा मागणीनुसार पळत नाही. ॲपवरचं भाडं पळतं. अंतर आणि लागणारा वेळ यांत मागणीचा हिशेब मिसळतो. संध्याकाळी सहाला पाऊस कोसळतोय, गाड्या थोड्या आणि मागणारे फार, की आकडा चढतो. याला 'सर्ज' म्हणतात. ही चढण मोकाट नसावी म्हणून सरकारनं मर्यादा घातल्या. महाराष्ट्र सरकारनं मे २०२५ मध्ये जाहीर केलेल्या धोरणात मूळ भाड्याच्या दीडपटीची मर्यादा ठेवली. त्यानंतर जुलैमध्ये आलेल्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत ती दुपटीपर्यंत होती. आपण साधी गोष्ट करावी. आकडा जास्त वाटला तर घाई नसल्यास दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावं, आणि दुसऱ्या कंपनीच्या ॲपवरही डोकावावं. भाजीसाठी आपण दोन गाड्यांवर विचारतोच की.

रिक्षा मागवली असेल तर आणखी एक गोष्ट. पुण्यासारख्या शहरात ॲपवरचं भाडं द्यायचं की मीटरचं, यावरून प्रवासी आणि चालक यांच्यात पुष्कळ वाद झालेले आहेत. काही सेवांमध्ये कंपनी भाडं मधे घेत नाही. पैसे थेट चालकाला द्यायचे असतात. म्हणून बसण्याआधीच विचारावं, "दादा, ॲपवर दाखवतंय तेच ना?" उतरताना भांडण्यापेक्षा हे बरं.

गाडी ठरली की बहुतेक वेळा चालकाचा फोन येतो. "काका, कुठं जायचंय? कॅश आहे का ऑनलाइन?" यात रागवण्यासारखं काही नाही. त्याला रोजच्या रोज डिझेल-गॅस भरायचा असतो, म्हणून त्याला रोख हवी असते. आणि लांबून यायचं तर पुढचं भाडं परवडेल का हेही तो पाहतो. पण बोलण्याच्या शेवटी तो म्हणाला, "तुम्हीच कॅन्सल करा ना काका," तर थांबावं. गाडी ठरल्यावर आपण रद्द केली तर दंड आपल्याला लागू शकतो. केंद्राच्या २०२५ च्या सूचनांप्रमाणे योग्य कारणाशिवाय रद्द करणाऱ्याला, मग तो चालक असो की प्रवासी, भाड्याच्या दहा टक्के आणि जास्तीत जास्त १०० रुपये असा दंड आहे. तेव्हा नम्रपणे सांगावं, "तुम्हाला यायचं नसेल तर तुम्ही रद्द करा." रद्द करणं आपल्यावरच आलं, तर ॲप कारण विचारतं, तिथं 'चालकानं रद्द करायला सांगितलं' अशा अर्थाचा पर्याय निवडावा.

आता चौथा आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न, माणूस कोण. पडद्यावर चालकाचं नाव, फोटो, गाडीचा रंग आणि नंबर येतो. पांढऱ्या गाड्या रस्त्यावर शेकड्यांनी असतात, तेव्हा रंगावर जाऊ नये. नंबरचे शेवटचे चार आकडे वाचावेत आणि मगच दार उघडावं. पाटीचा रंगही पाहावा. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी असतात. विजेवर चालणारी भाड्याची गाडी असेल तर पाटी हिरवी आणि अक्षरं पिवळी. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी. खर्च वाटून घेणाऱ्या सेवेत ती येईल, पण आपण टॅक्सी मागवली आणि पांढऱ्या पाटीची, वेगळ्याच नंबरची गाडी समोर उभी राहिली तर बसू नये. "ती गाडी बिघडली म्हणून मी आलो," हे कारण ऐकूनही बसू नये.

यानंतर येतो तो ओटीपी. बँकेनं आपल्याला इतकं बजावलंय की ओटीपी हा शब्द ऐकला तरी माणूस फोन छातीशी धरतो. ते योग्यच आहे. पण हे दोन ओटीपी वेगळे. बँकेचा कुणालाही सांगायचा नाही. प्रवासाचा, बहुधा चार आकड्यांचा, गाडीत बसल्यावर समोरच्या चालकाला सांगायचा. तो सांगितल्यावरच प्रवास सुरू झाल्याची नोंद होते. फोनवर, गाडी यायच्या आधी, तोही सांगू नये. नाहीतर गाडी न येताच प्रवास सुरू झालेला दिसेल. पैशांचा काही घोळ झाला तर तक्रार ॲपच्या आतूनच करावी. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या 'कस्टमर केअर'च्या नंबरावर फोन केला की पुष्कळदा पलीकडे ठग असतो. फसवणूक झालीच तर १९३० या नंबरावर लगेच कळवावं.

२०१४ च्या डिसेंबरात दिल्लीत ॲपवरून मागवलेल्या टॅक्सीत एका तरुणीवर बलात्कार झाला. त्या घटनेनं देश हादरला, आणि त्यानंतर आणीबाणीचं बटण, चालू प्रवास घरच्यांना फोनवर दाखवण्याची सोय अशा गोष्टी इथल्या ॲपमध्ये आल्या. त्या सोयी कुणाच्या तरी दुःखातून आलेल्या आहेत, त्या नुसत्या पडून राहू नयेत. गाडी निघाली की 'शेअर' दाबून प्रवास मुलाला, बहिणीला, शेजारणीला पाठवावा. आपली गाडी कुठे आहे हे त्यांना नकाशावर दिसत राहतं. एकट्या बाईमाणसानं मागच्या सीटवर बसावं आणि रस्ता अनोळखी वाटला तर मोकळेपणानं विचारावं. भीती वाटली तर ११२ हा नंबर आहेच. यात चालकावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न नाही. तोही रात्री अपरात्री एखाद्या अनोळखी माणसाला पाठीशी बसवून निघालेला असतो.

पडद्यावरच्या नावाबद्दल मात्र थोडं बोललं पाहिजे. हात दाखवून रिक्षा थांबवायचो तेव्हा चालकाचं नाव आपल्याला ठाऊक नसे. बॅजवर असे, पण वाचतो कोण? आता नाव आधी येतं आणि माणूस नंतर. २०१८ मध्ये लखनौत एका प्रवाशानं चालक मुसलमान आहे म्हणून गाडी रद्द केली आणि ते अभिमानानं जगाला सांगितलं. आम्ही धर्म किंवा जात पाहून भेदभाव करत नाही, असं त्या वेळी कंपनीनं जाहीरपणे सांगितलं. माझं नाव वाचून, मराठी कविता खरंच तुम्हीच लिहिता का, असं विचारणारे मला अजून भेटतात. त्यामुळे नाव वाचून बोट क्षणभर थबकतं म्हणजे काय, हे मला समजावून सांगावं लागत नाही. नाव दिलंय ते गाडी ओळखायला. माणूस पारखायचा तर नंबर जुळतो का, ओटीपी विचारतो का, गाडी जपून चालवतो का, हे पाहावं. आणि आपणही त्याला नावानं, निदान 'दादा' म्हणून हाक मारावी. उतरल्यावर तारे द्यायचे असतात. शाळेत साठ टक्के म्हणजे पहिला वर्ग, पण इथं पाचपैकी तीन तारे म्हणजे तक्रार समजली जाते आणि चालकाची सरासरी घसरली तर त्याच्या कामावर परिणाम होतो. प्रवास नीट झाला असेल तर पाच द्यावेत. वाईट झाला असेल तर कमी द्यावेत, पण कारण लिहावं.

या सोयीलाही हद्द आहे. तालुक्याच्या गावी बऱ्याच ठिकाणी ॲप उघडलं तर एकही गाडी दिसत नाही. शहरातून लग्नासाठी आडगावी गाडीनं जाता येतं, पण परत यायला तिथं कुणी मिळेलच असं नाही. म्हणून चौकातल्या ओळखीच्या रिक्षावाल्याचा नंबर फोनमधून काढून टाकू नये. पहाटे पाचची गाडी गाठायची असेल तर तोच आदल्या दिवशी "येतो" म्हणतो आणि येतो.

सुरुवात करायची तर दवाखान्याच्या घाईच्या दिवशी करू नये. एखाद्या कोऱ्या सकाळी, फोन पूर्ण चार्ज करून, ओळखीच्या रस्त्यानं जवळच्या ठिकाणी जावं. बँक, मंडई, वाचनालय, काहीही. शक्य असेल तर सुट्टे पैसे जवळ ठेवावेत. पहिल्या वेळी नातवाला शेजारी उभं करावं, पण फोन आपल्या हातात ठेवावा आणि बोट आपलंच लावावं. दुसऱ्या वेळी त्याला घरी ठेवावं आणि प्रवास फक्त त्याच्या फोनवर पाठवावा. तिसऱ्या वेळी बहुधा तेही विचारायला लागणार नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)