कादंबरी झाली लिहून, आता एजंट शोधू?

रात्रीचे दोन वाजलेत. हॉस्टेलच्या रूममध्ये बाकी सगळे गाढ झोपलेत आणि तुम्ही लॅपटॉपवर शेवटच्या वाक्यापुढे पूर्णविराम दिलाय. सबमिशन्स, व्हायवा, एटीकेटी सगळं सांभाळत दीड वर्ष लिहिलेली कादंबरी संपली! पुढची दहा मिनिटं ‘आपण कसले भारी आहोत’ असं वाटतं. अकराव्या मिनिटाला प्रश्न पडतो, आता हे पाठवायचं कुणाला?

मग फोनवर शोधाशोध सुरू होते आणि एक शब्द सारखा समोर येतो, ‘लिटररी एजंट’. जे. के. रोलिंग यांनाही एजंट होता म्हणे. खरंच होता. पहिल्या एजंटने नकार दिला, मग ख्रिस्तोफर लिटल यांनी हस्तलिखित घेतलं आणि बऱ्याच प्रकाशकांचे नकार पचवल्यावर १९९७ मध्ये हॅरी पॉटर छापून आला. ही गोष्ट वाचली की वाटतं, बस्स, आपल्यालाही एक एजंट मिळाला की काम झालं!

थांबा. आधी हा माणूस नेमकं करतो काय, ते बघू. एजंट लेखकाच्या बाजूने उभा राहतो. हस्तलिखित वाचतो, दुरुस्त्या सुचवतो, योग्य प्रकाशकाकडे नेतो, पैशांची घासाघीस करतो, करार तपासतो. या सगळ्याचे पैसे तो लेखकाकडून आधी घेत नाही. पुस्तकातून लेखकाला जे मिळेल, त्यातले साधारण १५ टक्के त्याचे. म्हणजे तुम्ही कमावलंत तरच तो कमावणार.

आता हेच गणित मराठीत मांडून बघा. समजा, तुमच्या कादंबरीची किंमत २५० रुपये, आवृत्ती १,००० प्रतींची आणि रॉयल्टी १० टक्के. सगळ्या प्रती संपल्या तर तुम्हाला मिळाले २५,००० रुपये. एजंटचा वाटा ३,७५० रुपये! तोही प्रती खपतील तेव्हा, म्हणजे कदाचित दोन-तीन वर्षांनी. तीनशे पानं वाचून, दहा फोन करून एवढ्या पैशांत कोण हे काम करेल? म्हणूनच मराठीत एजंटची पद्धत रुजली नाही. यात तुमच्या लिखाणाचा काही दोष नाही.

इंग्रजीत लिहीत असाल, तर गोष्ट वेगळी. जयपूरची ‘सियाही’, ‘रायटर्स साइड’ अशा एजन्सी आपल्याकडे आहेत. छोटं पत्र, कथानकाचा सारांश आणि सुरुवातीची काही प्रकरणं, एवढं साधारण मागतात. प्रत्येकाचे नियम वेगळे असतात, ते वाचूनच पाठवा.

पण मराठीवाल्यांनो, मधला माणूस नाही ही तुमच्यासाठी चांगली बातमी आहे. इथे प्रकाशकाचं दार तुम्ही स्वतः वाजवू शकता. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये आली, तेव्हा ते जेमतेम पंचविशीत होते. ती छापली रा. ज. देशमुख यांनी. आपल्याकडे लेखक घडवण्याचं काम एजंटने नाही, संपादकांनी केलं. ‘सत्यकथे’चे राम पटवर्धन नवख्यांच्या कथांवर किती मेहनत घ्यायचे, हे मराठीच्या सरांना विचारा, तासभर सांगतील.

आणि हे फक्त आपल्याकडचंच नाही. अरुंधती रॉय यांच्या पहिल्या कादंबरीसाठी लंडनचे एजंट डेव्हिड गॉडविन विमानाने दिल्लीला आले, हा किस्सा प्रसिद्ध आहे. पण त्यांच्यापर्यंत ते हस्तलिखित पोहोचलं, कारण त्याआधी पंकज मिश्रा या संपादकाने ते वाचलं आणि तो वेडावून गेला. म्हणजे आधी वाचणारा भेटला, एजंट नंतर.

तर मग हा वाचणारा शोधायचा कुठे?

कथेपासून सुरुवात करा

आपल्याकडे दिवाळी अंक नावाची एक अफाट गोष्ट आहे. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि ही परंपरा सुरू झाली. नवी नावं शोधणारे संपादक आजही आहेत. ‘साधना’ तर युवा दिवाळी अंकही काढते. कादंबरीतलं स्वतंत्र उभं राहील असं एखादं प्रकरण किंवा एखादी कथा पाठवा. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात असली, तरी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, त्यामुळे उशीर नको. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना पाठवू नका. दोन्हीकडे छापून आली, तर दोन्ही संपादक कायमचे दुरावतील.

प्रकाशक निवडा, शोधत फिरू नका

कॉलेजच्या लायब्ररीत जा. आपल्या कादंबरीच्या जातकुळीची पाच पुस्तकं काढा आणि पहिली पानं उलटून प्रकाशकांची नावं लिहून घ्या. झाली तुमची यादी! पाककृती छापणाऱ्याला कादंबरी पाठवून उपयोग काय? सोबत एक पानी सारांश, पहिली दोन-तीन प्रकरणं आणि स्वतःची चार ओळींत ओळख द्या. टायपिंग युनिकोडमध्ये, शुद्धलेखन तपासलेलं. मग तीन महिने कळ काढा. त्यानंतर एक नम्र मेल करा. रोज फोन नको.

सरकारी दारंही आहेत

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देतं. केंद्राची ‘पीएम-युवा’ योजना तिशीच्या आतल्यांसाठी आहे. २०२१ च्या पहिल्या फेरीत देशभरातून ७५ जण निवडले गेले आणि प्रत्येकाला सहा महिने दरमहा ५०,००० रुपये शिष्यवृत्ती मिळाली. तिथे विषय ठरवून दिलेला असतो, म्हणून जाहिरात नीट वाचा.

आणि हे मात्र पक्कं लक्षात ठेवा

हस्तलिखित पाठवल्यावर दोनच दिवसांत फोन येतो. ‘तुमचं लिखाण अप्रतिम आहे!’ तुम्ही हवेत. मग हळूच ‘पॅकेज’ निघतं, अमुक हजारात छपाई, मुखपृष्ठ, आयएसबीएन आणि प्रकाशन समारंभ. अशा वेळी विचारा, दोन दिवसांत तीनशे पानं वाचली कधी? आयएसबीएन तर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो. तुम्ही स्वतः अर्ज करू शकता.

स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा नाही. पण ते डोळे उघडे ठेवून काढा. ‘निवड झाली’ या शब्दांना भुलून आईची एफडी मोडायला लावू नका. वाचण्याचेच पैसे मागणारा एजंट आणि ‘निवड’ करून बिल पाठवणारा प्रकाशक, दोघांनाही लांबूनच नमस्कार.

करारावर सही करतानाही घाई नको. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही लिहिलंत त्या क्षणी हक्क तुमचाच असतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. हक्क द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षं धरली जाते. त्यामुळे ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं वाक्य दिसलं, की पेन खाली ठेवा. अनुवाद, ऑडिओबुक, सिनेमा, वेब सीरिज, यातलं काय देताय आणि किती टक्क्यांना, हे एकेक करून विचारा. विचारल्यामुळे जो प्रकाशक रागावेल, तो गेलेलाच बरा.

‘साभार परत’ येईल. एकदा नाही, अनेकदा. त्या दिवशी मस्त वैतागा, कटिंग मारा, मित्राला शिव्या घालू द्या. दुसऱ्या दिवशी फाइल उघडा आणि पहिलं प्रकरण मोठ्याने वाचा. जिथे स्वतःलाच जांभई येईल, तिथे कात्री लावा. मग यादीतल्या पुढच्या नावाला पाठवा.

आणि हो, आज रात्री एक काम कराच. रूममधल्या त्या झोपलेल्या मित्राला सकाळी उठवून पहिली वीस पानं वाचायला द्या. त्याने एकविसावं पान मागितलं, तर समजा, तुमचा पहिला एजंट तुम्हाला भेटला. तोही बिनपैशाचा!