इंग्रजीतला ‘उद्या’
भविष्यकाळ, वाक्प्रचार आणि गोंदियाचा विद्यार्थी

महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला वसलेला गोंदिया जिल्हा हा भाषांच्या संगमाचा प्रदेश आहे. उत्तरेस मध्य प्रदेश, पूर्वेस छत्तीसगड अशा दोन राज्यांच्या सीमा या जिल्ह्याला भिडतात. 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. येथील मूल घरी पोवारी, झाडीबोली, छत्तीसगडी किंवा गोंडी बोलते, बाजारात हिंदी ऐकते आणि शाळेत मराठी शिकते. यांपैकी गोंडी तर द्राविडी कुळातली भाषा होय. या भाषांच्या जोडीला इयत्ता पहिलीपासून इंग्रजी येते. मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास राज्यात 2000 च्या जून महिन्यात प्रारंभ झाला. त्यापूर्वी ती पाचवीपासून शिकविली जात असे.

म्हणजे दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याने आता दहा वर्षे इंग्रजीचा अभ्यास केलेला असतो. तरीही ‘उद्या मी काय करणार आहे’ एवढे इंग्रजीत सांगावयाचे झाल्यास तो अडखळतो. शब्द त्याला ठाऊक असतात, क्रियापदांचे तक्तेही पाठ असतात. परंतु भविष्याविषयी बोलण्याची इंग्रजीची रीत वेगळी आहे, ही गोष्ट त्याला बहुधा कोणी सांगितलेली नसते. प्रवेश अर्ज, नोकरीची मुलाखत, हवामानाचा इशारा, कायद्याचे कलम या साऱ्यांचा संबंध पुढे घडावयाच्या गोष्टींशी असतो. तेव्हा हा प्रश्न केवळ व्याकरणाच्या गुणांचा नाही.

भविष्यकाळ आहे, पण प्रत्यय नाही

मराठीत भविष्यकाळ क्रियापदाच्या अंगातच असतो. ‘जा’ या धातूपासून जाईन, जाशील, जाईल, जातील अशी रूपे होतात. हिंदीतही ‘जाऊंगा’, ‘जाएगा’ असा प्रत्यय लागतो. इंग्रजी क्रियापदाला मात्र भविष्यकाळाचा स्वतंत्र प्रत्यय नाही. भूतकाळासाठी ‘गो’चे ‘वेन्ट’ होते. भविष्यकाळासाठी ‘गो’चे रूप बदलत नाही. त्यासाठी ती भाषा शेजारच्या शब्दांची मदत घेते, आणि ती मदत एकाच प्रकारची नसते.

शाळेत प्रायः ‘विल’ आणि ‘शॅल’ एवढेच शिकविले जाते. त्यामुळे भविष्याची सारी वाक्ये ‘विल’च्या साच्यात घालण्याची सवय जडते. वस्तुतः मराठी माणूसही भविष्याविषयी एकाच रूपात बोलत नाही. ‘मी जाईन’, ‘मी जाणार आहे’, ‘उद्या मी जातोय’ आणि ‘गाडी सकाळी सुटते’ या चार वाक्यांतील छटा कोणत्याही मराठी मुलाला न शिकविता कळतात. इंग्रजीतही जवळजवळ अशाच चार छटा आहेत, ही येथे मोठी सोयीची गोष्ट आहे.

बोलता बोलता घेतलेला निर्णय, दिलेले वचन किंवा केलेले भाकीत यांना ‘विल’ शोभते. ‘थांबा, मी दार उघडतो’ हे इंग्रजीत ‘आय विल ओपन द डोअर’ असे होते. आधीच मनाशी ठरविलेली गोष्ट सांगताना ‘गोइंग टू’ येते. ‘यंदा मी धानाऐवजी भाजीपाला लावणार आहे’ हा त्यातला प्रकार. आभाळ भरून आले असता ‘पाऊस येणार’ असे आपण म्हणतो, तेथेही ‘इट इज गोइंग टू रेन’ हेच योग्य, कारण भाकिताला समोर पुरावा आहे. दुसऱ्या व्यक्तीशी वेळ ठरवून झाली असेल तर चालू वर्तमानकाळ येतो. ‘उद्या मी गटविकास अधिकाऱ्यांना भेटतोय’ याला ‘आय ॲम मीटिंग’ हे रूप लागते. वेळापत्रकातील गोष्टींना साधा वर्तमानकाळ पुरतो. कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस आणि मुंबईला जाणारी विदर्भ एक्सप्रेस या दोन्ही गाड्या गोंदियाहून सुटतात. त्यांची सुटण्याची वेळ सांगताना ‘द ट्रेन विल लीव्ह’ म्हणण्याची गरज नसते. ‘द ट्रेन लीव्हज’ एवढे पुरे होते.

शिक्षकांनी मराठीतील ही चार वाक्ये फळ्याच्या एका बाजूला आणि इंग्रजी वाक्ये दुसऱ्या बाजूला लिहिली, तर अर्धे काम मातृभाषाच करून टाकते.

मातृभाषा जेथे चकविते

उरलेल्या अर्ध्या ठिकाणी मात्र मातृभाषा फसविते. तेथे विद्यार्थ्याला आधीच सावध करावयास हवे.

पहिला चकवा ‘आलोच’ या शब्दाचा. कोणी हाक मारली असता आपण बसल्या जागेवरून ‘आलोच’ म्हणतो. रूप भूतकाळाचे, अर्थ मात्र नजीकच्या भविष्याचा. याचे शब्दशः इंग्रजी केल्यास ऐकणाऱ्याला वाटेल की माणूस येऊन पोहोचला. इंग्रजीत येथे ‘आय ॲम कमिंग’ असे म्हणतात.

दुसरा चकवा ‘जर’ आणि ‘तेव्हा’ यांचा. ‘पाऊस आला तर रोवणी करू’ या वाक्यात मराठीत ‘आला’ हे भूतकाळाचे रूप येते. ‘पाऊस येईल तेव्हा रोवणी करू’ या वाक्यात ‘येईल’ हे भविष्यकाळाचे. विद्यार्थी पहिल्या वाक्यात ‘केम’ आणि दुसऱ्यात ‘विल कम’ लिहून मोकळा होतो. इंग्रजी दोन्ही ठिकाणी वर्तमानकाळ मागते: ‘इफ इट रेन्स’, ‘व्हेन इट रेन्स’. ‘विल’ची जागा केवळ मुख्य वाक्यात, म्हणजे रोवणीच्या बाजूला. पाऊस वर्तमानात आणि रोवणी भविष्यात, असे एकदा सांगितले की धानपट्ट्यातील मुलाला हा नियम विसरता येणार नाही.

तिसरा चकवा ‘पर्यंत’ या शब्दाचा असून तो कार्यालयांतही आढळतो. ‘अर्ज 30 जूनपर्यंत द्यावेत’ आणि ‘कार्यालय सहा वाजेपर्यंत उघडे राहील’ या दोन्ही वाक्यांत आपण ‘पर्यंत’च वापरतो. इंग्रजीत पहिल्या ठिकाणी ‘बाय’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘टिल’ किंवा ‘अंटिल’ येते. एखादे काम त्या मुदतीच्या आत केव्हाही एकदा व्हावयाचे असेल तर ‘बाय’; एखादी स्थिती त्या वेळेपर्यंत सतत टिकावयाची असेल तर ‘टिल’. मुदतीची सूचना वाचताना हा भेद समजला नाही, तर अर्जदाराचे नुकसान होऊ शकते.

चौथा चकवा दिवसांच्या नावांचा. हिंदीत ‘कल’ म्हणजे काल आणि उद्याही. मराठीत काल व उद्या वेगळे आहेत, परंतु ‘परवा’ दोन्ही दिशांना चालतो. इंग्रजीत मात्र प्रत्येक दिशेला निराळा शब्द लागतो. घरी हिंदीच्या छायेतील बोली आणि शाळेत मराठी असलेल्या मुलाच्या मनात हा गोंधळ अधिक असतो. त्याला चूक म्हणण्यापूर्वी त्याचे मूळ शिक्षकाने ओळखणे अगत्याचे आहे.

‘शॅल’ आणि ‘मे’ : पंचायत सदस्यांसाठी

जुन्या व्याकरणांत ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांच्यापुढे ‘शॅल’ आणि इतरांपुढे ‘विल’ असा नियम दिलेला असे. आजच्या बोलण्यात सर्व पुरुषी ‘विल’ चालते. ‘शॅल’ मुख्यतः दोन ठिकाणी टिकून आहे. एक म्हणजे ‘आपण निघू या का’ अशा विचारण्यात, आणि दुसरे म्हणजे कायद्यात.

कायद्यातील ‘शॅल’ हे भाकीत नव्हे, तो आदेश आहे. इंग्रजी मसुद्यात पंचायतीने एखादी गोष्ट ‘शॅल’ करावी असे असेल, तर ती तिच्यावर सामान्यतः बंधनकारक असते. ‘मे’ असेल, तर ती करण्याचा अधिकार आहे, सक्ती नाही. मराठी अधिनियमांत याच अर्थाने ‘पंचायत करील’ आणि ‘पंचायतीला करता येईल’ अशी रूपे योजिली जातात. ‘करील’ हे रूप दिसावयास साध्या भविष्यकाळाचे असले, तरी तेथे ते कर्तव्य सांगते. हे ध्यानात न घेतल्यास ‘केव्हातरी करील’ असा सोयीचा अर्थ लावला जाण्याचा संभव असतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 मराठीत वाचतानाही सदस्यांनी ही खूण लक्षात ठेवावी.

कार्यालयीन पत्रव्यवहारात भविष्याची काही ठरलेली वळणे आहेत. ‘इन ड्यू कोर्स’ म्हणजे यथावकाश. ‘अंटिल फर्दर ऑर्डर्स’ म्हणजे पुढील आदेश होईपर्यंत. ‘हेन्सफोर्थ’ म्हणजे यापुढे. राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने अशा प्रयोगांचे मराठी पर्याय संकलित केलेले आहेत. ‘इन ड्यू कोर्स’ असे उत्तर आले असता त्यात कोणतीही तारीख दिलेली नाही, हे जाणून पुढचा पाठपुरावा करणे सदस्याच्या हाती राहते.

‘लाइकली’ म्हणजे किती?

भविष्याविषयी बोलताना खात्रीचे प्रमाण सांगणे हाही भाषेचा भाग आहे. ‘विल’ म्हटले की खात्री, ‘मे’ किंवा ‘माइट’ म्हटले की शक्यता. हवामानाच्या इशाऱ्यात तर या शब्दांना आकड्यांचा अर्थ आहे. भारतीय हवामान विभागाच्या परिभाषेत ‘लाइकली’ म्हणजे 25 ते 50 टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे 50 ते 75 टक्के आणि ‘मोस्ट लाइकली’ म्हणजे 75 टक्क्यांहून अधिक संभव. ‘हेवी रेन’ हा शब्दही मोघम नाही. 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर पाऊस म्हणजे ‘हेवी’. कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत पडलेल्या असताना इंग्रजी इशाऱ्यातील हा एक शब्द नीट वाचता येणारा मुलगा किंवा मुलगी घरात असणे, ही त्या कुटुंबाची मोठीच सोय होय.

वाक्प्रचार : शब्द नव्हे, चित्र

वाक्प्रचारांचा अर्थ शब्दांच्या बेरजेतून निघत नाही. ‘बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी’ या म्हणीतील तुरीचे भाषांतर करून परक्याला काही कळणार नाही. तसेच इंग्रजीचे आहे. अंडी उबण्यापूर्वी कोंबडीची पिले मोजू नयेत, असे ती भाषा म्हणते. आपल्या तुरी त्याच अर्थाच्या. म्हणून इंग्रजी वाक्प्रचाराला मराठी शब्द न शोधता मराठी प्रसंग शोधावा. ‘सूनर ऑर लेटर’ म्हणजे आज ना उद्या. ‘ओन्ली टाइम विल टेल’ म्हणजे काळच ठरवील. पुलापाशी पोहोचल्यावर पूल ओलांडू, या इंग्रजी वाक्प्रचाराला आपण ‘तेव्हाचे तेव्हा पाहू’ म्हणतो.

काही वाक्प्रचार त्या त्या देशाच्या हवेतून आलेले असतात. संकटकाळासाठी पैसे राखून ठेवण्याला इंग्रजीत ‘पावसाळी दिवसासाठी’ राखणे म्हणतात. ज्या जिल्ह्यात कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधून पाऊस कोरड्या दिवसांसाठी साठविला, तेथील मुलाला हा वाक्प्रचार उलटा वाटणे स्वाभाविक आहे. त्या मुलाला दोन्ही चित्रे शेजारी ठेवून दाखविली, तर वाक्प्रचारही कळतो आणि आपल्या गावच्या तलावाची थोरवीही. याउलट ऊन आहे तोवर गवत वाळवून घ्यावे, हा वाक्प्रचार धान कापणीच्या दिवसांत वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

‘इन द पाइपलाइन’ हा वाक्प्रचार अलीकडे सर्रास कानी पडतो. एखादे काम हाती घेतले गेले आहे व पुढे पूर्ण होईल, असा त्याचा आशय. गावच्या नळयोजनेचा प्रस्ताव ‘पाइपलाइन’मध्ये असल्याचे कोणी सांगितले, तर प्रत्यक्ष नळ टाकला गेला असे समजू नये, एवढी दक्षता ग्रामस्थांनी घ्यावी.

शाळेत काय करता येईल?

वाक्प्रचारांच्या लांब याद्या पाठ करून घेण्याने फारसे साधत नाही. आठवड्याला चार-पाच वाक्प्रचार घ्यावेत. प्रत्येकाचा प्रसंग मुलांनी प्रथम आपल्या बोलीत सांगावा, मग मराठीत आणि शेवटी इंग्रजीत. परिपाठाच्या वेळी फळ्यावर ‘उद्या’चे एक वाक्य लिहिले जावे. कधी रेल्वेच्या वेळापत्रकातून, कधी हवामानाच्या अंदाजातून, तर कधी ग्रामसभेच्या सूचनेतून ते निवडता येईल. या साऱ्यांसाठी वेगळा खर्च लागत नाही. पाठ्यपुस्तकातील व्याकरण त्यामुळे गावाशी जोडले जाते आणि बोलीची लाज वाटण्याचेही कारण उरत नाही; उलट चार भाषा कानावर पडलेल्या मुलाला भाषाभाषांतील फरक लवकर कळतो, हे त्याचे भांडवल ठरते.

इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. ते पचविण्यासाठी मातृभाषेचे बळ लागते. ‘जाईन’ आणि ‘जाणार आहे’ यांतला फरक ज्याला आपल्या भाषेत नेमका सांगता येतो, त्याला ‘विल’ आणि ‘गोइंग टू’ यांतला फरक शिकविण्यास वेळ लागत नाही. सालेकसा किंवा देवरीच्या जंगलपट्टीतील शाळेतून निघालेला विद्यार्थी उद्या वैद्यकीय महाविद्यालयात, न्यायालयात किंवा सरपंचाच्या खुर्चीवर बसेल, तेव्हा त्याला आपला बेत, आपले वचन आणि आपली शंका या तीन गोष्टी इंग्रजीतही निरनिराळ्या सांगता आल्या पाहिजेत. ती तयारी आजच्या वर्गात व्हावयाची आहे.